करवंदीची जाळी ओळखण्यापासून कुंपणावर फळ धरेपर्यंत

चैत्र-वैशाखात मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला पळसाच्या पानांच्या द्रोणात मिळणारी काळीभोर करवंदे आपण सर्वांनी खाल्लेली असतात. मात्र ज्या जाळीवरून ती येतात ती जाळी फळ नसताना ओळखणे अनेकांना जमत नाही. गावाकडे नव्याने जागा घेतलेली किंवा मुंबई-पुण्यात वाढून घरी परतलेली कितीतरी मंडळी जागा साफ करताना जुनी, चांगली फळ देणारी करवंदी काटेरी झुडूप म्हणून मुळासकट काढून टाकतात आणि दोन वर्षांनी तीच करवंदी रोपवाटिकेत शोधत फिरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, जागेत मी करवंदीचे कुंपण लावले तेव्हा माझी पहिली दोन वर्षे चुका करण्यात गेली. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून, ज्या क्रमाने काम करावे लागते त्याच क्रमाने हे लिहिले आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. करवंद लावण्यातले मुख्य काम खड्डा खणण्याचे नसून जाळी निवडण्याचे आहे. रानातल्या प्रत्येक जाळीचे फळ वेगळे असते आणि ते वर्षातून फार तर सहा आठवडे चाखायला मिळते. त्यामुळे या कामाची सुरुवात पावसाळ्यात होत नाही, त्याआधीच्या उन्हाळ्यात होते.

१. झुडूप ओळखणे

करवंदाचे शास्त्रीय नाव कॅरिसा करंडस असे आहे. आपल्या रानातल्या करवंदीला काही वनस्पतिशास्त्रज्ञ कॅरिसा कंजेस्टा या वेगळ्या नावाने ओळखतात. कण्हेर, कुडा आणि सदाफुली ज्या कुळातली आहेत त्याच कुळातली ही वनस्पती आहे, आणि हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे, कारण या कुळातल्या अनेक झाडांचा चीक विषारी असतो. पांढरा चीक निघाला म्हणजे करवंद ठरले, असे मानून चालणार नाही. पिवळ्या कण्हेरीलाही पांढराच चीक येतो आणि तिचे बी जिवावर बेतू शकते. म्हणून पुढच्या पाचही खुणा एकत्र जुळल्याशिवाय फळ तोंडात घालू नये.

पहिली खूण काट्यांची. करवंदीचे काटे पानांच्या पेराशी जोडीने येतात, सरळ आणि ताठ असतात, बोराच्या काट्यासारखे आकड्यागत वळलेले नसतात. जुन्या फांदीवरचा काटा दोन ते चार सेंटिमीटर लांब असतो आणि कधी कधी त्याला टोकाशी दोन फाटे फुटलेले दिसतात.

दुसरी खूण पानाची. पाने समोरासमोर जोडीने येतात, देठ अगदी आखूड असतो, वरची बाजू गर्द हिरवी व चकचकीत असते आणि पान चामड्यासारखे जाड लागते. साधारण तीन ते सात सेंटिमीटर लांबीचे हे पान बोटांत दुमडले तर मऊपणे वळत नाही, मोडते, आणि मोडलेल्या जागी दुधासारखा थेंब येतो. हा चीक ही तिसरी खूण होय.

चौथी खूण फुलाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची आहे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत फांद्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. प्रत्येक फुलाला बारीक नळी आणि तिच्या टोकाला पाच अरुंद पाकळ्या असतात. कळी असताना त्या पाकळ्या पीळ दिल्यासारख्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि नळीवर बहुधा गुलाबी छटा असते. वास जाईच्या जवळ जाणारा असतो. सकाळी सड्यावरून चालताना जाळी दिसण्याआधी तो वास येतो.

पाचवी खूण फळाची. फळ झुपक्याने लागते. ते आधी हिरवे असते, मग एका अंगाने लालसर होते आणि पिकल्यावर काळ्या-जांभळ्या रंगाचे होते. एकाच झुपक्यात हे तिन्ही रंग एकाच वेळी दिसतात. रानातले फळ एक ते दोन सेंटिमीटरचे असते. पिकलेले फळ दाबले तर लाल रस निघतो आणि आत दोनापासून सहा-सातपर्यंत, बहुधा चार, चपट्या तपकिरी बिया असतात.

ओळख पटवायला एका भेटीत जाळी पाहून भागत नाही. निदान तीन वेळा, म्हणजे फेब्रुवारीत फुलावर, एप्रिलमध्ये कच्च्या फळावर आणि मे महिन्यात पिकल्यावर, त्याच जाळीपाशी जावे आणि पहिल्या वेळी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत न्यावे. गुरे राखणाऱ्यांना आणि करवंदे विकणाऱ्या बायकांना जेवढे कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही.

२. फसवणारी झुडपे

सर्वांत जास्त घोटाळा गेळाच्या झाडाशी होतो. त्यालाही जोडीने येणारे ताठ काटे असतात आणि फूलही पांढरे असते. पण ते फूल जुने होताना पिवळे पडते, पान मोडल्यावर चीक येत नाही आणि फळ लहान पेरूसारखे, पिवळट व कडक असते. गेळाच्या फळाने उलट्या होतात, आणि पूर्वी ओढ्यात मासे मारण्यासाठी ते वापरत, यावरून काय ते समजून घ्यावे.

घाणेरीची काळी बारीक फळे मुले हमखास करवंदांबरोबर तोडतात. तिचे पान खरखरीत आणि उग्र वासाचे असते, फुलांचे गुच्छ पिवळे, नारिंगी, गुलाबी अशा रंगांचे असतात आणि चीक नसतो. घाणेरीची कच्ची फळे विषारी असतात. कुसर हा रानजाईचा वेल करवंदीच्याच जाळीवर चढून त्याच हंगामात फुलतो, त्यामुळे दुरून एकच झुडूप वाटते. कुसरीच्या फुलाला पाचापेक्षा जास्त पाकळ्या असतात आणि वेलाला काटे नसतात. तिचे काळे फळ खाण्याचे नाही.

जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने खालची पाने व दगड हलवून पाहावे. जांभ्याच्या सड्यावर फुरसे हा विषारी साप राहतो, तो लहान असतो आणि पातेऱ्याच्या, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांच्या, रंगात मिसळून जातो. बंद बूट घालावेत आणि संध्याकाळी अंधारून आल्यावर फळे काढायला जाऊ नये.

३. जाळी निवडणे आणि खूण करणे

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आठ-दहा जाळ्यांची फळे चाखावीत. एका जाळीचे करवंद इतके आंबट असते की दात आंबतात, शेजारचीच जाळी मधासारखी निघते. लहानपणी आपण सर्वांनी करवंद अर्धे चावून आतला रंग पाहत ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ खेळलेला असतो. लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी. हाच खेळ आता नीट लक्ष देऊन खेळायचा आहे, कारण सरबताला आणि जॅमला रंग देणारे करवंद म्हणजे तो ‘कोंबडा’. चव, आतला रंग, फळाचा आकार, बियांची संख्या आणि झुपक्यात किती फळे धरली आहेत, या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

निवडलेल्या जाळीवर खूण करायला कापडाची चिंधी बांधू नये, ती पहिल्याच पावसात जाते. मी तांब्याच्या तारेला पत्र्याचा तुकडा अडकवून त्यावर खिळ्याने आकडा कोरतो. मोबाईलवर त्या जागेचे लोकेशनही साठवून ठेवावे. पावसाळ्यानंतर गवत वाढले की ओळखीची जाळीसुद्धा सापडत नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी. सड्यावरची जमीन मोकळी दिसली तरी तिला मालक असतो, आणि ती पुष्कळदा अनेक हिस्सेदारांच्या सामाईक नावावर असते. बियांसाठी पसाभर फळे न्यायची असली तरी विचारून न्यावीत. वनखात्याच्या जागेतून रोपे उपटून आणू नयेत. तशीही मोठी करवंदी उपटून लावली तर ती जगत नाही, कारण तिचे सोटमूळ कातळाच्या फटीत खोल गेलेले असते आणि ते तुटल्याशिवाय निघत नाही.

४. बी काढणे

या पायरीवर माझे एक संपूर्ण वर्ष गेले. भोपळ्याचे, काकडीचे बी आपण जसे उन्हात वाळवून, राख लावून बरणीत ठेवतो, तसेच मी करवंदाचे बी ठेवले आणि पुढच्या जूनमध्ये दोनशे पिशव्यांमध्ये पेरले. एकही रोप उगवले नाही. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. फळातून काढल्यावर ते बी चार-आठ दिवसांत मातीत गेले पाहिजे.

पद्धत साधी आहे. पूर्ण काळी झालेली, हात लावताच गळणारी फळे घ्यावीत. हाताला गोडेतेल चोळावे, नाहीतर चीक बोटांना धरतो आणि साबणाने निघत नाही. पाण्याच्या घमेल्यात फळे कुस्करावीत. गर आणि साली वर तरंगतात, त्या काढून टाकाव्यात. खाली राहिलेल्या बियांना अजून गुळगुळीत आवरण असते. त्यासाठी मूठभर चुलीची राख टाकून तळहातांत हलकेच चोळावे आणि पुन्हा दोन-तीन पाण्यांत धुवावे. आता बी स्वच्छ तपकिरी दिसते. ते चपटे आणि एका बाजूने किंचित खोलगट असते. या शेवटच्या पाण्यात जे तरंगेल ते पोचट समजून फेकून द्यावे. बुडालेले बी सुती कापडावर सावलीत तीन-चार तास पसरावे आणि वरचे पाणी सुकले की पेरावे. उन्हात ठेवू नये.

५. रोपे तयार करणे

लागणारे साहित्य थोडेच आहे: पाच बाय सात इंचाच्या काळ्या पिशव्या, लाल माती, रेती, चांगले कुजलेले शेणखत, झारी आणि पिशव्यांवर छप्पर करायला शेडनेट किंवा नारळाची झापे. दोन भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग शेणखत असे मिश्रण करावे. खत अर्धकच्चे असेल तर हुमणी ही मुळे खाणारी अळी येते. पिशवीला तळाशी व बाजूला भोके आहेत ना, ते पाहावे. प्रत्येक पिशवीत दोन बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल पेराव्यात.

दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसू लागतात, आणि नेमका याच वेळी कोकणातला मुसळधार पाऊस सुरू होतो. थेट पावसात ठेवलेल्या पिशव्यांत पाणी साचते, रोप जमिनीलगत काळे पडून आडवे होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पिशव्या उंच गादीवर किंवा चिऱ्यांवर मांडाव्यात आणि वर छप्पर असावे. सप्टेंबरनंतर छप्पर हळूहळू काढून रोपांना ऊन द्यावे. पुढच्या जूनपर्यंत रोप वीतभर किंवा थोडे अधिक वाढते. त्याआधी ते लावण्याची घाई करू नये.

बियांपासून आलेले झाड आईसारखेच फळ देईल, याची खात्री नसते. एखादी जाळी खरोखरच अप्रतिम असेल तर तिची गुटी बांधावी. जूनअखेर ते जुलैमध्ये पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडून तिची साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची साल वाटोळी काढावी, चीक ओल्या फडक्याने पुसावा, मुळे फुटण्याची पावडर लावून ओले शेवाळ गुंडाळावे आणि प्लॅस्टिकने दोन्ही टोके घट्ट बांधावीत. मुळे प्लॅस्टिकमधून स्पष्ट दिसू लागल्यावरच फांदी कापावी, आणि तीही एकदम न कापता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत कापावी.

रोपे विकत घ्यायची असतील तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ ही जात दिलेली आहे, तिची चौकशी करावी. रोपवाटिकेत नुसते ‘करवंद’ म्हणून मागू नये. एका ठिकाणी मला करवंद म्हणून जी रोपे मिळाली, त्यांना तीन वर्षांनी पांढरी-गुलाबी, टपोरी फळे धरली. ती लोणच्याला उत्तम होती, पण पिकून काळी होणारी, हातात घेऊन खायची आपली काळी मैना ती नव्हती. पंतनगरच्या पंत मनोहर आणि पंत सुदर्शन या जातीही लोणच्याच्याच कामाच्या आहेत. विकत घेताना जातीचे नाव लिहिलेली पावती मागावी.

६. जागा, हद्द आणि खड्डा

कुंपणासाठी लावणार असाल तर फावडे उचलण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. सात-बारा उतारा, गटाचा नकाशा आणि भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीची ‘क’ प्रत हाताशी असावी. मोजणी झालेली नसेल तर हद्दकायम मोजणीचा अर्ज आधी करावा. करवंदी एकदा रुजली की पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी राहते, आणि पाच वर्षांनी ती शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली तर ती काढताना मने दुखावतात. हद्दीपासून निदान एक मीटर आत लावावी, कारण झुडूप दोन्ही बाजूंना पसरते. पाणंदीकडेला तर आणखी आत लावावी. काटेरी फांदी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असता कामा नये.

करवंदीला हलकी, मुरमाड, जांभ्याची जमीन चालते. पाणी साचणारी जागा मात्र मुळीच चालत नाही, त्यामुळे भातखाचराच्या बांधाखाली लावू नये. ऊन भरपूर हवे. काजू-आंब्याच्या सावलीत झुडूप जगते, पण फळ धरत नाही.

दाट कुंपणासाठी दोन रोपांत साठ सेंटिमीटर ते एक मीटर अंतर ठेवून दोन ओळी लावाव्यात आणि दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल असे पाहावे. फळांसाठी लावताना अडीच ते तीन मीटर अंतर हवे. माती असेल तिथे मे महिन्यात दीड-दोन फुटांचे खड्डे खणून तापू द्यावेत आणि पावसाच्या तोंडावर माती, दोन घमेली शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालून भरावेत.

सड्यावर जिथे पहारसुद्धा आत जात नाही तिथे खड्ड्याचा हट्ट धरू नये. कातळात भेग शोधावी, तिच्याभोवती दगडांचे गोल आळे गुडघ्याच्या उंचीपर्यंत रचावे आणि त्यात माती भरून रोप लावावे. मूळ आपली वाट त्या भेगेतून काढते. आमच्याकडची अशी लावलेली रोपे खड्ड्यातल्या रोपांपेक्षा सावकाश वाढली, पण आज तीच जास्त गोड फळ देतात.

लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धात करावी. पिशवी ब्लेडने उभी फाडावी आणि मुळांभोवतीची मातीची हुंडी (गोळा) फुटू देऊ नये.

७. पहिली दोन वर्षे

करवंदीला पाणी लागत नाही, हे मोठ्या जाळीबद्दल खरे आहे, नव्या रोपाबद्दल नाही. डिसेंबर ते मे या काळात पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा पाणी द्यावे. बुंध्याभोवती पातेरा पसरावा, मात्र तो खोडाला टेकवू नये, नाहीतर वाळवी चढते.

सड्यावरच्या कुंपणाचा खरा शत्रू वणवा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत पिवळे पडले की कुंपणाच्या दोन्ही बाजूंचे निदान दोन-तीन मीटर रुंदीचे गवत कापून न्यावे. हे काम फेब्रुवारीवर ढकलू नये. मोकाट गुरे काटे कोवळे असेपर्यंत शेंडे खातात, म्हणून दोन वर्षे काट्यांच्या वईचा (तात्पुरत्या कुंपणाचा) आडोसा ठेवावा. पावसाळ्यात पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्या तर सकाळी हाताने वेचून काढाव्यात. रोपे थोडी असताना फवारणीची गरज पडत नाही.

८. छाटणी

करवंदीची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंपण देखणे दिसावे म्हणून शेंडे कापले तर त्या वर्षीची फुले आपण आपल्याच हाताने कापून टाकतो. छाटणी फळे संपताच, जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी, म्हणजे पावसाळ्यात नवी फूट येऊन ती जानेवारीपर्यंत तयार होते. दाट कुंपण हवे असेल तर लागवडीनंतर पहिल्या पावसाळ्यातच रोपाचा शेंडा एकदा खुडावा, त्यामुळे खालून फांद्या फुटतात. कोयतीने छाटताना डोळ्यांवर चष्मा असावा. चीक डोळ्यांत गेल्यास फार आग होते. कापलेल्या फांद्या वाटेवर टाकू नयेत. वाळलेला काटा चपलेच्या तळव्यातून आरपार जातो, त्याचे टोक आत मोडते आणि पाय पिकतो.

९. फळे काढणे

बियांच्या रोपांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिली फळे दिसतात. लोणच्यासाठी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये हिरवी, कडक फळे काढावीत आणि चीक निघून जावा म्हणून चिरून मिठाच्या पाण्यात ठेवावीत. जॅम-जेलीसाठी लाल झालेली, पण पुरती न पिकलेली फळे थोडी मिसळावीत. त्यांत पेक्टिन अधिक असल्याने जेली नीट धरते. खाण्यासाठी पूर्ण काळे झालेले फळच काढावे, आणि झुपका न ओरबाडता एकेक फळ वेचावे, कारण बाकीची फळे पुढच्या दोन-तीन दिवसांत पिकणार असतात. पसरट टोपलीत पाने घालून त्यावर दोनच थर ठेवावेत. काळे करवंद दोन दिवसांवर टिकत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की तोडणी थांबवावी. फळ पाणचट होते, फुटते आणि त्यात अळी पडते. आमच्याकडची जुनी माणसे मृगानंतर करवंद तोंडात घालत नाहीत ती याच कारणासाठी. सरबतासाठी फळे उकळणार असाल तर पुढच्या पेरणीचे बी त्याआधीच काढून घ्यावे, कारण उकळलेल्या फळातले बी उगवत नाही.